तळ नसलेल्या आभाळाचा ठाव

गुरूवर उतरायला जमीन नाही. दुर्बिणीतून दिसतात ते ढगांचे माथे. त्यांच्याखाली हवा दाटत जाते, तापत जाते, आणि हजारो किलोमीटर खोल गेल्यावर हायड्रोजन आधी द्रवासारखा व मग धातूसारखा वागू लागतो. ‘इथे वातावरण संपले’ अशी रेघ वाटेत कुठेच नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी सोयीसाठी एक पातळी धरली आहे. जिथे दाब १ बार, म्हणजे साधारण आपल्या समुद्रसपाटीवरच्या हवेइतका असतो, ती पातळी. तिथले तापमान उणे १०८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. खोली मोजायची ती तिथून.

अशा ग्रहाची हवा अभ्यासायचे दोन मार्ग आहेत. एक, दुरून पाहणे: प्रकाश, उष्णता, रेडिओ लहरी, गुरुत्वाकर्षण यांतून आतल्या गोष्टींचा अंदाज बांधणे. दुसरा, उपकरणे घेऊन थेट आत उडी घेणे. पहिल्या मार्गाने सगळा ग्रह नजरेखाली येतो, पण काही गोष्टी कितीही चांगल्या दुर्बिणीला दिसणार नाहीत. दुसऱ्या मार्गाने नेमकी मोजमापे हाती येतात, पण ती एकाच जागेची. कोणत्या प्रश्नासाठी कोणता मार्ग धरायचा, हे शास्त्रज्ञांना गुरूवरच्या पाण्याने शिकवले, आणि त्या शिकवणीची किंमतही वसूल केली. महाग्रहांच्या वातावरणाबद्दल आज काय ठाऊक आहे याचा आढावा घ्यायचा, तर पाण्याचा धागा धरणेच सोयीचे.

दुरून दिसलेले

गुरूच्या हवेचे रसायन प्रथम उलगडले ते प्रकाशातून. अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाग्रहांचे वर्णपट टिपले होते. त्यांत तांबड्या रंगाच्या बाजूला काही काळपट पट्टे येत, पण ते कशामुळे येतात हे कोणाला सांगता येत नव्हते. १९३२ मध्ये रूपर्ट विल्ट या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने ते मिथेन आणि अमोनियाचे असल्याचे दाखवले. हे दोन्ही वायू गुरूवर अगदी थोडे आहेत. तिथली बहुतेक हवा हायड्रोजन आणि हीलियमची, पण हायड्रोजन वर्णपटात फार पुसट खूण सोडतो आणि हीलियम तर जवळजवळ सोडतच नाही. ठळक दिसते ते विपुल असतेच असे नाही, हा दुरून पाहण्यातला धोका तेव्हाच उघड झाला होता.

१९६० च्या दशकात अवरक्त मोजमापांनी दुसरी महत्त्वाची गोष्ट दाखवली. सूर्याकडून गुरू जेवढी ऊर्जा शोषतो, त्याच्या दीडपट ते दुप्पट उष्णता तो बाहेर टाकतो. निर्मितीच्या वेळची ऊब अजून त्याच्या पोटात आहे. पृथ्वीच्या तुलनेत त्याला मिळणारे ऊन जेमतेम चार टक्के. म्हणजे तिथल्या वादळांना वरून सूर्य तापवतो, तसा खालून स्वतः ग्रहही तापवतो. या दोहोंत वरचढ कोण, हा प्रश्न पुढे बराच काळ गाजला.

डिसेंबर १९७३ मध्ये पायोनियर १० आणि वर्षभराने पायोनियर ११ गुरूजवळून गेले. १९७९ मध्ये दोन्ही व्हॉयेजर यानांनी ढगांची हालचाल टिपली. फिकट आणि गडद पट्टे आळीपाळीने पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे वाहणाऱ्या वाऱ्यांच्या सीमांवर आखलेले दिसले. रात्रीच्या बाजूला विजाही चमकताना दिसल्या. प्रसिद्ध तांबडा डाग म्हणजे प्रचंड भोवरा आहे, हेही त्या चित्रांतून नीट उमगले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा डाग पूर्व-पश्चिम सुमारे ४०,००० किलोमीटर पसरलेला होता. आज तो १६,००० किलोमीटरच्या आसपास आहे. इतके दिवस टिकलेले वादळ आपल्या डोळ्यांदेखत आक्रसते आहे.

पण हे सगळे वरच्या थराचे वर्णन झाले. रसायनाच्या हिशेबाने गुरूवर ढगांचे तीन मजले असायला हवेत. वर अमोनियाच्या बर्फाचे ढग, त्याखाली अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड यांच्या संयुगाचे, आणि ५ बारच्या आसपास पाण्याचे. बाहेरून दिसतो तो मुख्यतः वरचा मजला. पाणी असलेच तर दोन ढगांआड दडलेले.

पाण्याला एवढे महत्त्व का?

विश्वात हायड्रोजन आणि हीलियम यांच्याखालोखाल ऑक्सिजन येतो, आणि गुरूसारख्या ग्रहात ऑक्सिजन मुख्यतः पाण्याच्या रूपात असतो. सूर्यमाला घडत असताना बाहेरच्या थंड भागात कार्बन, नायट्रोजन, गंधक यांसारखी द्रव्ये बर्फात अडकून ग्रहांत आली असावीत. किती बर्फ आला आणि तो किती थंडीत गोठलेला होता, हे कळले तर गुरू कुठे आणि कसा घडला हे कळेल. त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट. बाकीच्या ग्रहांच्या जडणघडणीवर त्याचा प्रभाव पडला असणारच. त्यामुळे गुरूवरच्या पाण्याचा हिशेब हा सगळ्या सूर्यमालेच्या इतिहासातला हिशेब ठरतो.

दुरून पाहून तो लागेना. इतकेच नव्हे, बाहेरून दिसणारे पाणी फसवे निघाले. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे एकामागून एक गुरूच्या दक्षिण गोलार्धावर आदळले. हर्शेल अवकाश दुर्बिणीने पुढे गुरूच्या वरच्या हवेतली पाण्याची वाफ मोजली, तेव्हा ती दक्षिण गोलार्धात उत्तरेपेक्षा दुप्पट-तिप्पट भरली. २०१३ मध्ये निष्कर्ष आला, की ही वाफ बहुतांशी त्या धूमकेतूची. म्हणजे गुरूच्या अंगावर पाणी दिसले, पण ते पाहुण्याने सांडलेले.

५८ मिनिटांची उडी

या कोड्यावर उपाय म्हणून आखलेली मोहीम गॅलिलिओ. ऑक्टोबर १९८९ मध्ये अटलांटिस शटलमधून निघालेल्या या यानाच्या पोटात ३३९ किलो वजनाचा एक प्रोब होता. जुलै १९९५ मध्ये तो मूळ यानापासून वेगळा झाला आणि ७ डिसेंबर १९९५ ला गुरूच्या हवेत शिरला.

त्याच्या प्रवेशाची जागा मनाजोगती निवडता येत नव्हती. गुरूचे गुरुत्वाकर्षण येणाऱ्या वस्तूला सेकंदाला सुमारे ६० किलोमीटर वेगाने खेचून घेते. ग्रह मात्र दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे विषुववृत्ताजवळची हवाच सेकंदाला १२ किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. तिच्याच दिशेने शिरले, तर टक्कर ४७ किलोमीटर प्रतिसेकंदावर येते. विरुद्ध दिशेने किंवा ध्रुवावरून शिरण्याचा विचार करण्यात अर्थ नव्हता. विषुववृत्तालगतचा पट्टा हा नाइलाजाने निवडलेला होता.

तरीही दाबली गेल्याने प्रोबसमोरची हवा सूर्याच्या पृष्ठभागाच्या दुपटीहून अधिक तापली. वेग इतका झपाट्याने उतरला, की प्रोबला पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या २०० पटींहून अधिक जोराचा दणका बसला. त्याची उष्णतारोधक ढाल एकट्या १५२ किलोंची होती. त्यातली जवळजवळ ८० किलो जळून उडून गेली. जोडणीतल्या चुकीमुळे हवाई छत्री ५३ सेकंद उशिरा उघडली आणि वरच्या थराची मोजमापे हुकली. त्यानंतर मात्र प्रोबने ५८ मिनिटे संदेश पाठवला. शेवटच्या क्षणी बाहेरचा दाब २२ बारच्या घरात होता आणि तापमान दीडशे अंश सेल्सिअसच्या वर गेले होते. पाण्याचे ढग जिथे असायला हवेत त्या पातळीच्याही बरेच खाली तो पोचला होता.

आणि तिथे पाणी सापडले नाही. अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड खोल जाताना वाढत गेले व अपेक्षित पातळीला पोचले. पाणी मात्र शेवटपर्यंत सूर्यातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने जेवढे निघावे त्याच्या निम्म्याहूनही कमी भरले. त्यातही एक गोम होती. पाण्याचे प्रमाण अजून वाढतच होते. संदेश तुटला तेव्हा वाढ थांबलेली नव्हती.

खुलासा पृथ्वीवरून मिळाला. गॅलिलिओचा टेप रेकॉर्डर अडकल्यामुळे मूळ यानाला प्रवेशाच्या जागेची छायाचित्रे घेता आली नव्हती, आणि गुरू त्या दिवसांत आकाशात सूर्याच्या अगदी जवळ होता. तरी हवाईमधल्या अवरक्त दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून स्पष्ट झाले, की प्रोब एका ‘उष्ण ठिपक्या’त शिरला होता. ढगांमधल्या या खिंडारांतून खालची उष्णता वर निसटते. तिथे वरची कोरडी हवा खाली उतरत असते, आणि गुरूच्या पृष्ठभागाचा जेमतेम एक टक्का त्यांनी व्यापलेला असतो. सहारात उतरून पृथ्वीवरच्या पावसाचा हिशेब मांडावा, तसे झाले. बरे, हे ठिपके विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेला, म्हणजे प्रवेशाच्या वेगापायी निवडाव्या लागलेल्या पट्ट्याच्या काठालाच असतात.

मग ती मोहीम फसली का? मुळीच नाही. पाण्याबाबत प्रोब चुकीच्या जागी उतरला असला, तरी ज्या वायूंचे ढग होत नाहीत, जे पाऊस होऊन कोसळत नाहीत, त्यांच्यासाठी कोणतीही जागा सारखीच. आर्गॉन, क्रिप्टॉन आणि झेनॉन सूर्याच्या तुलनेत दुप्पट-तिप्पट सापडले. आर्गॉनसारखा वायू बर्फात अडकायला अतिशय कडक थंडी लागते. गुरूच्या आजच्या जागी ती कधी होती का, याबद्दल शंका आहे. एवढ्या एका मोजमापाने गुरूच्या घडणीच्या कल्पनांना नवे वळण मिळाले. हीलियम सूर्यमाला घडतानाच्या प्रमाणाहून थोडा कमी होता आणि निऑन तर फक्त एकदशांश. याचा अर्थ असा लावला जातो, की खोलवर, लाखो बार दाबाखाली, हीलियमचे थेंब वेगळे होऊन खाली पडतात आणि निऑन त्यांच्यात विरघळून जातो. शंभर-दीडशे किलोमीटर खोल गेलेल्या यंत्राने हजारो किलोमीटर खालच्या पावसाची बातमी आणली.

वाऱ्याबद्दलही एक धक्का होता. रेडिओ संदेशाच्या कंपनसंख्येतल्या बदलांवरून वेग मोजला, तेव्हा तो खोल जाताना वाढून सेकंदाला सुमारे १७० मीटरपर्यंत गेला आणि तिथेच टिकला. वारा फक्त उन्हाने चालत असता, तर ढगांखाली त्याने मंदावायला हवे होते.

जुनोची कक्षा

दुसरा प्रोब पाठवण्याऐवजी पुढच्या मोहिमेने वेगळी वाट धरली. ऑगस्ट २०११ मध्ये निघालेले जुनो यान जुलै २०१६ मध्ये गुरूच्या ध्रुवीय कक्षेत आले. स्कॉट बोल्टन हे या मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ. यानावरचे सूक्ष्मलहरी मापक सहा वेगवेगळ्या लांबीच्या लहरी ऐकते, १ सेंटिमीटरहून थोड्या मोठ्यांपासून ५० सेंटिमीटरपर्यंतच्या. लहर जितकी लांब, तितक्या खोल थरातली उष्णता ती वर आणते. पृथ्वीवरून हे जमत नाही, कारण गुरूभोवतीच्या किरणोत्सर्गी पट्ट्यांतले इलेक्ट्रॉन स्वतःच रेडिओ लहरींचा गोंधळ करतात. जुनो या पट्ट्यांच्या आत, ढगांपासून काही हजार किलोमीटरांवरून, सपाट्याने निघून जाते आणि त्या गोंधळाला चुकवते.

पहिल्याच फेऱ्यांनी एक जुने गृहीतक मोडीत काढले. ढगांच्या खाली गेले की हवा घुसळून एकजीव झालेली असणार, असे सगळे धरून चालले होते. अमोनियाने ते खोटे ठरवले. विषुववृत्तापाशी तो भरपूर आणि खोलवर सारखा, पण इतर अक्षांशांवर शेकडो किलोमीटर खोलीपर्यंत तुटपुंजा. गॅलिलिओ प्रोबचे दुर्दैव निव्वळ एका खिंडारापुरते नव्हते. गुरूची हवा एकूणच अपेक्षेपेक्षा फार कमी मिसळलेली आहे.

अमोनिया जातो कुठे? २०२० मध्ये पुढे आलेला खुलासा गारांचा आहे. जोरदार वादळे पाण्याचे बर्फकण उंच फेकतात. तिथे अमोनिया बर्फाला वितळवतो आणि पाणी-अमोनियाचे घट्ट मिश्रण होते. त्यावर पुन्हा बर्फ साचून गारा जड होतात, ढगांच्या खूप खाली पडतात आणि तिथे वितळून अमोनिया सोडतात. याला जोड देणारा पुरावा म्हणजे जुनोने टिपलेल्या उथळ विजा. त्या इतक्या उंचावर चमकल्या, की निव्वळ पाणी तिथे द्रवरूपात टिकणे शक्यच नाही. अमोनिया मिसळला तरच ते गोठणार नाही.

पाण्याचे उत्तरही २०२० मध्येच आले. विषुववृत्ताजवळ गुरूच्या हवेतल्या रेणूंपैकी सुमारे पाव टक्का पाण्याचे आहेत. ऑक्सिजनच्या हिशेबात हे सूर्याच्या जवळपास तिप्पट होते. मात्र पाणी सूक्ष्मलहरी फार शोषत नाही. ते अमोनियाच्या आडून मोजावे लागते. म्हणून या आकड्याभोवतीची अनिश्चितता मोठी आहे, आणि तो एकाच पट्ट्याचा आहे. कोरडा गुरू ही कल्पना मागे पडली, एवढे खरे.

वाऱ्याच्या खोलीचे उत्तर गुरुत्वाकर्षणातून मिळाले. वारे खोलवर असतील, तर ग्रहाच्या उत्तर आणि दक्षिण गोलार्धांतल्या वस्तुमानात बारीक असमतोल पडतो, आणि त्याच्यावरून जाताना यानाचा वेग किंचित बदलतो. हा बदल मोजून २०१८ मध्ये दाखवले गेले, की पट्ट्यांचे वारे सुमारे ३,००० किलोमीटर खोल जातात. त्याखाली हायड्रोजन वीजवाहक होऊ लागतो, चुंबकीय क्षेत्राशी अडखळतो, आणि उरलेला ग्रह जवळजवळ एकसंध फिरतो. तांबडा डाग त्यामानाने उथळ, ५०० किलोमीटरच्या आतबाहेर. जुनोने ध्रुवांवर चक्रीवादळांचे ठाणबंद मेळेही शोधले: उत्तरेला मधल्या एकाभोवती आठ, दक्षिणेला एकाभोवती पाच. पृथ्वीवरून हे ध्रुव कधीच समोरून दिसत नाहीत.

शनीवरचा ओला हिशेब

शनीवर कॅसिनी यानाने १३ वर्षे काढली आणि १५ सप्टेंबर २०१७ ला ते त्याच्या हवेत शिरून जळून गेले. शेवटच्या २२ फेऱ्यांत ते शनी आणि त्याची कडी यांच्यामधल्या फटीतून गेले, आणि कड्यांतून पाणी व कार्बनी द्रव्ये शनीच्या वरच्या हवेत झिरपत असल्याचे त्याला आढळले. इथेही वर दिसते ते सगळे आतले नव्हे.

शनीवर दर काही दशकांनी ग्रहाला वेढा घालणारे पांढरे वादळ उठते. डिसेंबर २०१० चे वादळ कॅसिनीने जवळून पाहिले. मध्ये इतकी वर्षे शांतता का, याचा एक सुंदर खुलासा पाण्यातच आहे. पृथ्वीवर वाफेचा रेणू हवेच्या रेणूंपेक्षा हलका, म्हणून दमट हवा सहज वर चढते. हायड्रोजनच्या हवेत वाफ जड. एका वादळाने पाऊस पाडला, की वर हलकी कोरडी हवा उरते आणि खालची ओली हवा जडपणामुळे वर येऊ शकत नाही. वरचा थर उष्णता गमावून पुरेसा थंड आणि जड व्हायला कित्येक वर्षे लागतात. मग एकदम उलथापालथ. गुरूवर अशी ग्रहव्यापी वादळे या चालीने येत नाहीत. याचे कारण दोघांच्या पाण्याच्या प्रमाणात असू शकते, पण शनीच्या खोल हवेत अजून कोणतेही उपकरण पोचलेले नाही.

पुढच्या मोहिमांसाठी

आत उतरायला फुगे का पाठवत नाहीत, असा प्रश्न हमखास येतो. शुक्रावर सोव्हिएत संघाच्या व्हेगा मोहिमांनी १९८५ मध्ये फुगे सोडले होते आणि ते जवळपास दोन दिवस तरंगले. महाग्रहांवर अडचण मुळातली आहे: हायड्रोजनच्या हवेत तरंगायला त्याहून हलका वायू आणायचा कुठून? हीलियम तिथे बुडेल. तापवलेल्या हायड्रोजनचा फुगा तत्त्वतः चालेल, पण थंडीत तो सतत तापवत ठेवावा लागेल. तूर्त छत्रीने खाली जाणे हाच व्यवहार्य मार्ग.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या ग्रहविज्ञान समितीने पुढच्या दशकासाठी मोठ्या मोहिमांत पहिला मान युरेनसला दिला: कक्षेत फिरणारे यान आणि सोबत एक प्रोब. युरेनसजवळून आजवर फक्त व्हॉयेजर २ गेले आहे, तेही जानेवारी १९८६ मध्ये. तिथे प्रवेशाचा वेग गुरूच्या जवळपास निम्मा, त्यामुळे ढालीवरचा भार कितीतरी कमी. गॅलिलिओच्या ढालीसाठी वापरलेल्या जातीचे कार्बनी कापड आता बनत नाही. नासाने त्याऐवजी त्रिमिती विणकामाची नवी ढाल विकसित केली आहे.

एकच प्रोब पुरेल का, या वादाचे उत्तर गुरूने दिलेल्या धड्यात आहे. हीलियम, निऑन, आर्गॉन, झेनॉन यांचे मोजमाप हवे असेल तर एकही पुरे, आणि त्याला पर्यायही नाही, कारण हे वायू दुरून जवळजवळ दिसतच नाहीत. पाणी, अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड हे मात्र ढग होऊन पडणारे, जागोजागी बदलणारे. युरेनसवर पाण्याचे ढग इतके खोल असावेत, की प्रोब तिथवर टिकण्याची शक्यताच कमी. त्यांच्यासाठी प्रोबवर भिस्त ठेवणे म्हणजे पुन्हा १९९५ कडे जाणे. त्यांचा हिशेब कक्षेतून, सगळ्या अक्षांशांवर, दीर्घकाळ पाहूनच लागेल. प्रोब नेमका कुठे उतरला, तिथली हवा वर जाणारी होती की खाली येणारी, हेही कक्षेतल्या यानानेच सांगायला हवे. गॅलिलिओच्या वेळी ते काम हवाईमधल्या दुर्बिणीवर सोडावे लागले. पैशांची ओढाताण झाली आणि प्रोब किंवा कक्षायान यांतले एक गाळायचे ठरले, तर मोहिमेचे अर्धे प्रश्न तिथेच गळतील.

हीच सावधगिरी दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांबाबतही लागेल. जेम्स वेब दुर्बिणीने २०२२ मध्ये वास्प-३९बी या शनीएवढ्या वस्तुमानाच्या तप्त ग्रहावर कार्बन डायऑक्साइड ओळखला, आणि पाठोपाठ ताऱ्याच्या प्रकाशाने घडवलेला सल्फर डायऑक्साइडही. कामगिरी थक्क करणारी आहे. पण ग्रहाच्या कडेवरून गाळून आलेल्या त्या प्रकाशात हवेचा वरचा पातळ थरच बोलतो, आणि त्यावरून अख्ख्या ग्रहाची घडण सांगितली जाते. शेजारच्या गुरूवर प्रोब आणि कक्षायान दोन्ही पोचूनही पाण्याचा आकडा अजून सैल आहे. म्हणून शेकडो प्रकाशवर्षे दूरच्या ग्रहाचे ‘एकूण प्रमाण’ वाचताना आधी विचारावे, की हा कोणत्या थराचा, कोणत्या बाजूचा हिशेब आहे.